आईच्या चहात औषध घालणं चूक आहे का?

चिंचगूळ: आईला स्किझोफ्रेनिया आहे, वय ६८. मला काही झालेलं नाही म्हणते, गोळी दिली की बेसिनमध्ये थुंकते. दीड वर्षं झालं, रिस्पेरिडोनचं लिक्विड तिच्या सकाळच्या चहात घालतोय. झोपते, जेवते, शेजारच्या काकूंना शिव्या देणं थांबलंय. काल मावशी म्हणाली हे पाप आहे. खरंच आहे का?

रात्रपाळी: मी सायकियाट्री वॉर्डात नर्स आहे. आधी कामाचं, हे लिक्विड चहात किंवा कोलात चालत नाही, पाण्यात नाहीतर कॉफीत घालायचं असतं. आणि आता घाबरून एकदम बंद पण करू नका, डॉक्टरांना खरं काय ते सांगा. पापाचं मला माहीत नाही. आम्ही गोळी हातावर देतो, पाणी देतो, मग आ करा, जीभ वर करा. लपवतात बरेच जण गालात, पण औषध आहे हे त्यांना माहीत तरी असतं. तुमच्या आईचे उद्या या औषधाने हात थरथरायला लागले तर त्या कशामुळे म्हणणार?

उंबरठा: सिस्टर, तुमच्याकडे वॉर्डबॉय असतो हो, घरी आम्ही एकटे. भावाने गोळ्या सोडल्या आणि महिनाभरात पंख्याचा रेग्युलेटर उघडून आत माईक शोधत बसला, रात्री ३ वाजता, शॉक लागला असता तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात संमती, आधी लिहून ठेवलेली इच्छा सगळं आहे, पण त्या रात्री काय कायदा वाचून दाखवू त्याला? मी आमटीत घातली. परत घालीन.

सायलीची_आई: नका घालू. मुलीला १६ व्या वर्षी असंच दिलं, तिने मला गोळी कुटताना बघितलं. आज २ वर्षं झाली, माझ्या हातचं खात नाही. मॅगीचं पाकीट स्वतः फोडते, पाणी पण स्वतः भरून घेते.

उंबरठा: वाईट वाटलं ताई. पण ६८ आणि १६ सारखं नाही.

रात्रपाळी: नाहीच. डिमेन्शियावाल्या आजोबांचं अजून तिसरंच, त्यांना तर सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही. पण आई ठामपणे नको म्हणतेय. महिन्याच्या इंजेक्शनबद्दल विचारा डॉक्टरांना, मात्र ते तिला सांगूनच द्यावं लागेल. काही अडलं तर टेली-मानस आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

चिंचगूळ: शुक्रवारी नंबर लावलाय, विचारतो. आई कॉफीला तोंड लावत नाही हा वेगळाच घोळ. आणि चहाचं दीड वर्षात कुणी बोललं नाही मला, मावशी अजून पापावरच आहे.