तातडीने मदत हवी: संस्थेच्या खात्यावर सह्या बदलत नाहीत, पाळकांचे पगार अडकलेत

खडकीकरीण:
नमस्कार. आमच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, विभागीय संस्थेची मी नवी खजिनदार. जुन्या खजिनदारांचं निधन झालं, तेव्हापासून एकही चेक वटत नाही. बँक म्हणते धर्मादाय कार्यालयातला उतारा आणा. उतारा नेला तर म्हणते, यात तुमचं नावच नाही. निवडणूक रीतसर झालीय, ठराव आहे, इतिवृत्त आहे, चार हेलपाटे झाले. सहा पाळकांचे दोन महिन्यांचे पगार थकलेत आणि वसतिगृहाच्या किराणावाल्याने काल उधारी बंद केली. बँकेला वठणीवर कसं आणायचं? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली तर किती दिवस लागतात? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, वेळ नाहीये.

ताळेबंद:
लोकपालाचं म्हणाल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तरच पुढे. पण मला यात बँकेची चूक दिसत नाही. नुसता ट्रस्ट आहे की १८६० च्या कायद्याखाली सोसायटीसुद्धा? परिशिष्ट १ च्या, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीच्या, उताऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत? विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट दाखल आहे का?

खडकीकरीण:
दोन्ही आहे. चेंज रिपोर्ट वकिलांनी भरला होता म्हणतात. पण माझा प्रश्न बँकेचा आहे.

हडपसर_सी_विंग:
आमच्या सोसायटीत अगदी हेच झालं होतं. उपनिबंधकांकडे अर्ज द्या, ते प्रशासक नेमतात. महिन्याभरात सुटलं.

ताळेबंद:
ती गृहनिर्माण संस्था, सहकार खात्याखाली. हा धर्मादाय आयुक्तांचा विषय. उपनिबंधकांचा इथे काही संबंध नाही.

पिंपळे_गुरव:
सरळ बँक बदला. छोट्या बँकेत मॅनेजर ओळखीचा असला की दोन दिवसांत खातं उघडतं.

कोर्टकचेरी:
कुठलीही बँक तोच उतारा मागणार. शिवाय जुन्या खात्यातले पैसे काढणार कसे? धागाकर्तीने उताऱ्याबद्दल अजून सांगितलेलं नाही. विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल कळवावा लागतो. उशीर झाला असेल तर सोबत विलंबमाफीचा अर्ज. निवडून आलेल्या मंडळाला कारभार करता येतो, चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत थांबावं लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. पण काउंटरवरचा माणूस निकाल वाचत बसत नाही, तो उतारा बघतो.

खडकीकरीण:
आत्ता उतारा समोर घेऊन बसलेय. नऊ नावं आहेत. त्यातले पाच जण प्रभूमध्ये निजले, एक ऑस्ट्रेलियात मुलाकडे आहेत. शेवटची नोंद २००९ ची. आमची निवडणूक दर तीन वर्षांनी होते. वकिलांना फोन केला, त्यांच्याकडे फक्त एका अर्जाची पोच आहे, तीही २०१२ ची, आणि तो अर्ज त्रुटीत पडून मंजूर न होताच निकाली निघाला. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

कोर्टकचेरी:
म्हणजे २००९ नंतरची प्रत्येक निवडणूक क्रमाने दाखल करावी लागेल. मधली सोडून थेट शेवटची टाकलीत तर पुन्हा त्रुटी. प्रत्येक वेळची सभेची नोटीस, हजेरी, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं जमवा. हरकत नसेल तर तात्पुरती मान्यता मिळू शकते, तिच्यावर बँकेशी बोलता येतं.

जुना_डिकन:
सलाम ताई. मी दुसऱ्या विभागातला, पण तीस वर्षं अर्पणं मोजली आहेत. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ६ वाचा. भावाने भावावर फिर्याद करू नये. बॅप्टिस्ट मंडळी स्वतंत्र असते, तिच्यावर बिशप नसतो. सभासदांची सभा घ्या, सगळं तिच्यापुढे ठेवा.

कोर्टकचेरी:
काका, चेंज रिपोर्ट म्हणजे फिर्याद नव्हे. नोंद आहे.

जुना_डिकन:
नोंदच असते, कोणी हरकत घेईपर्यंत. आमच्याकडे एका हरकतीवर अकरा वर्षं गेली आणि तेवढ्यात शाळेचं छप्पर पडलं. म्हणून म्हणतो, आधी माणसं एका खोलीत बसवा.

वाचनवेडा:
अवांतर: तुम्ही श्रीरामपूरच्या मिशनवाले का? विल्यम केरी तिथलेच ना? माझं आजोळ नगर जिल्ह्यातलं, म्हणून विचारतो.

बखरप्रेमी:
ते श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीकाठचं. केरी बॅप्टिस्ट होते, १८०५ साली त्यांचं मराठी व्याकरण तिथेच छापलं गेलं. नगरचं अमेरिकन मराठी मिशन वेगळ्या पंथाचं. नावाच्या साम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.

ताळेबंद:
मूळ विषयावर येतो. पाळकांचे पगार आणि वसतिगृहाचा किराणा एकाच खात्यातून? परदेशी मदत येते का? ऑडिट कुठपर्यंत झालंय? बँकेत किती पैसे आहेत ते विचारत नाही, त्यातले कोणाचे किती हे विचारतोय.

खडकीकरीण:
खातं एकच. परदेशी मदत पूर्वी यायची, तिच्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी संपली तेव्हापासून बंद. ऑडिट दोन वर्षांचं राहिलंय. वसतिगृहाच्या देणग्यांतून मध्यंतरी पगार दिले गेले, परत टाकायचे होते ते राहून गेलं. बाकी बंगल्याच्या जागेचं भाडं येतं, त्याच्यावरच सगळं चालतं.

कोर्टकचेरी:
बंगल्याची जागा? करार किती वर्षांचा?

खडकीकरीण:
नऊ. २०२१ मध्ये केलाय. का?

कोर्टकचेरी:
कलम ३६. शेती नसलेली जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगीचा आदेश फायलीत आहे का ते आज बघा. नसेल तर बँकेपेक्षा मोठं संकट तिथे आहे, आणि हरकत घेणारा पहिला तोच मुद्दा काढेल.

ताळेबंद:
वसतिगृहाच्या नावाने मुलांसाठी आलेला पैसा पगाराला वापरणं हे ‘राहून गेलं’ म्हणून सोडू नका. हिशोबात ती रक्कम उसनी म्हणून वेगळी दिसली पाहिजे, परतफेडीच्या ठरावासकट. देणाऱ्याने पावतीवर ‘वसतिगृह’ लिहिलं असेल तर तो शब्द संस्थेला बांधील करतो. पालकांना सांगायला अवघड जाईल, पण सांगा.

जुना_डिकन:
ह्या एका गोष्टीत ताळेबंद यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे हंगामाच्या सणाचं धान्यसुद्धा वेगळ्या वहीत लिहीत असू.

खडकीकरीण:
आठ दिवसांनी लिहितेय, राग आला होता, माफ करा. परवानगीचा आदेश सापडला नाही. पण जुन्या खजिनदारांच्या घरी कॉटखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत इतिवृत्ताच्या तीन वह्या निघाल्या. ओल लागून २०१५ ची पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांच्या पत्नीने भाकरीचं उलथणं घालून एकेक पान सोडवलं. हजेरीत एकोणचाळीस सह्या आणि सात अंगठे आहेत, शाई पसरलीय पण वाचता येतं. त्या बाई शेवटी म्हणाल्या, ते रोज रात्री हिशोब लिहायचे, कार्यालयात जायला पाय साथ देत नव्हते.

रविवारी आराधनेनंतर सभासदांची सभा घेतली. भाडेकराराचं आणि वसतिगृहाच्या पैशाचं उभं राहून सांगितलं. खातं सुरू होईपर्यंत प्रत्येक मंडळी आपल्या पाळकाला आपल्या अर्पणातून थेट देईल, रीतसर पावतीवर, असं ठरलं. किराणावाल्याला वसतिगृहाच्या तीन पालकांनी मिळून पैसे दिले. भाडेकरारासाठी वेगळा वकील बघतोय.

एकच विचारायचंय: मयत विश्वस्तांपैकी प्रत्येकाचा मृत्यू दाखला लागेल का? दोघांचे मिळत नाहीत.

कोर्टकचेरी:
लागेल. मृत्यू झाला त्या ठिकाणच्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत प्रत मिळते, नातेवाइकाला सोबत न्या. वह्यांची पानं आजच स्कॅन करा आणि मूळ वही कोणाकडेही सोडू नका. बाकी व्यनि (खासगी निरोप) करतो.