डिलिशस इन डंजन, खंड १ : वाचलात? सांगा मग

र्योको कुई यांची ही मांगा (जपानी चित्रकथा) २०२३ मध्ये चौदाव्या खंडाशी संपली. २०२४ च्या ॲनिमेनंतर (तिच्यावरच्या ॲनिमेशन मालिकेनंतर) बरेच जण पुस्तकाकडे वळतायत, म्हणून हा धागा. फक्त पहिल्या खंडाबद्दल लिहा, पुढचं फोडू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डंजन म्हणजे राक्षसी प्राण्यांनी भरलेलं भुयार. तिथे साहसी टोळीचा म्होरक्या लायोस याची बहीण फालिन हिला लाल ड्रॅगन गिळतो, पण गिळली जाता जाता ती मंत्राने बाकीच्यांना बाहेर धाडते. ड्रॅगनचं पचन संथ, त्यामुळे वेळेत पोचलं तर तिला परत जिवंत करता येईल. पण शिधा नाही, खिशात दमडी नाही. मग लायोस म्हणतो, वाटेत भेटतील ते मॉन्स्टर, म्हणजे तिथले राक्षसी प्राणी, मारून खाऊ!

गृहिणी, ठाणे
लेकीने हातात दिलं म्हणून वाचलं. पहिल्याच प्रकरणात विंचू आणि चालत्या अळंबीचा रस्सा. तिथे सेन्शी नावाचा दाढीवाला ड्वार्फ (बुटक्या जमातीतला) टपकतो आणि सांगतो, विंचवाला चिरा पाडा, म्हणजे चव रश्श्यात उतरते. स्लाइम (लिबलिबीत मॉन्स्टर) म्हणे लिंबाच्या जातीच्या फळाचा रस घातलेल्या गरम पाण्यात धुवायचा आणि उन्हात वाळवायचा. मला तर माहेरच्या अंगणातले सुके बोंबील आठवले. प्रत्येक पदार्थाचं साहित्य नीट दिलंय. लेखिकाबाई स्वतः चवीने खाणारी असणार!

विद्यार्थी, पुणे
मॅन्ड्रेकचं, म्हणजे माणसासारख्या मुळाच्या झाडाचं, प्रकरण भारी. उपटताना ते किंचाळतं आणि ऐकणारा मरतो, म्हणून टोळीतली जादूगारीण मार्सिल पोथीतली पद्धत घेऊन बसते: कुत्रा बांधून ओढायचं. सेन्शी किंचाळायच्या आत मुंडकं छाटून मोकळा. इथवर वाटतं, पुस्तकी मुलीची फजिती, झालं. पण ती हट्टाने आपल्या पद्धतीने एक उपटतेच, आणि ऑम्लेटमध्ये त्याचीच चव जास्त सौम्य लागते. सेन्शीही ते मान्य करतो. अशा ठिकाणी लेखिका कुणा एकाला शहाणं ठरवून सोडत नाही, हे मला फार आवडलं.

बँक कर्मचारी, नागपूर
माझं मत वेगळं. सख्खी बहीण ड्रॅगनच्या पोटात आणि हे टार्ट काय, भाजलेला बॅसिलिस्क (अर्धा कोंबडा, अर्धा साप) काय! घाई कुठेच जाणवत नाही. चित्रं उत्तम, पण साहस हवं असणाऱ्याने हा खंड बेताच्या अपेक्षेने उघडावा.

वरच्यांना
घाई आहे हो, पण उपाशीपोटी दुसऱ्यांदा मार खायचा नाही, हाच तर त्यांचा धडा आहे. पहिली लढाई भुकेनेच हरले होते ना? आणि टोळीतल्या चिलचकचं प्रकरण विसरलात वाटतं. सापळ्यातल्या उकळत्या तेलात सेन्शीला तळण करायचंय, आणि हा सापळे हाताळणारा कावतो: माझ्या कामात लुडबूड नको! अगदी आमच्या वर्कशॉपमधला फोरमन.

जीवशास्त्र शिकवते, कोल्हापूर
माझ्यासाठी शेवटची दोन प्रकरणं म्हणजे खरा खंड. चालतं चिलखत जादूने हलतं असं सगळे धरून चालतात. लायोस लढता लढता निरीक्षण करतो आणि कळतं, आत मऊ अंगाच्या जीवांची वसाहत आहे, शिंपल्यातल्या जीवांसारखी. मग अर्थातच ते शिजवायचं. एवढ्यावर थांबेल तर तो लायोस कसला? एक जीव राहत असलेली तलवार तो गुपचूप ठेवून घेतो. बाकीचे त्याला विक्षिप्त म्हणतात ते उगाच नाही, पण वर्गात असा एक तरी विद्यार्थी हवा.

शाकाहारी, डोंबिवली
अळंबी आणि मांसभक्षक झाडांच्या फळांचं टार्ट, माझं एवढ्यावर भागलं. दुसरा खंड कुणाकडे आहे का? आयात प्रत परवडत नाही, वाचून परत देईन.