'शिक्षा' म्हणजे नुसता दंड नव्हे

'शिक्षा'चा मूळ अर्थ दंड असा काही जण देतात, पण तो नंतरचा. धातू 'शिक्ष्', म्हणजे शिकणे. वेदांगांतली (वेदांच्या अभ्यासाला पूरक शास्त्रांतली) शिक्षा हे उच्चारशास्त्र. तैत्तिरीय उपनिषदात (तिथे 'शीक्षा', दीर्घ) तिची सहा अंगं आहेत: वर्ण, स्वर (आवाजाचा चढउतार), मात्रा (उच्चाराचा काळ), बल (उच्चारातला जोर), साम (समतोल उच्चार), संतान (शब्दांची सलग जोडणी). स्वर चुकला की काय होतं? 'इन्द्रशत्रु' अंत्योदात्त (शेवटचं अक्षर उंच स्वरात) म्हटला तर इंद्राला मारणारा. आद्युदात्त (पहिलं अक्षर उंच) झाला की इंद्र ज्याला मारणार तो. इंद्राचा शत्रू वृत्रासुर मंत्रातल्या याच चुकीमुळे मारला गेला म्हणतात!

हिंदी-बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण; मराठी, कन्नड, तेलुगूत दंड. मराठीत जुना अर्थ 'शिक्षक', 'सुशिक्षित'मध्ये टिकलाय. म्हणून हिंदी 'शिक्षा मंत्री' मराठीत जसाच्या तसा उतरवू नये, 'शिक्षणमंत्री'च लिहावं.