मदत हवी आहे: भरतीच्या मेडिकलला फिट, ट्रेनिंगमध्ये गुडघा गेला, आता 'जुनं दुखणं' म्हणून घरी पाठवलं

खटावची_लेक

नमस्कार. धाकट्या भावासाठी लिहितेय. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. भाऊ एसएससी जीडीच्या, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाच्या शिपाई भरतीच्या, परीक्षेतून एका केंद्रीय सशस्त्र दलात शिपाई म्हणून लागला होता. दलाचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याला परत त्याच दारात जायचंय.

तीन वर्षं तो पहाटे साडेचारला उठून रस्त्यावर पळाला. अण्णांची पाच एकर, त्यातली पाण्याखाली दीड. अकॅडमीची फी बटाट्याच्या पट्टीतून भरली. मैदानीला पाच किलोमीटर चोवीस मिनिटांत मारायचे असतात, हा एकवीसच्या आत आला. मग पुणे जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मेडिकल झालं. उठाबशा काढायला लावल्या, गुडघे जुळवून उभं केलं, तळपाय बघितले, डोळे, कान, सगळं. कागदावर 'फिट' लिहून आलं. त्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये आजही आहे.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर, प्रशिक्षणाच्या अठराव्या आठवड्यात, ऑब्स्टॅकलवर खड्डा ओलांडताना पाय जमिनीवर टेकला आणि गुडघा आतल्या आत फिरला. कट्ट असा आवाज आला म्हणतो. दोघांनी धरून एमआय रूमला, म्हणजे केंद्रातल्या तपासणीच्या दवाखान्यात, नेलं. गोळ्या, क्रेप बँडेज, तीन दिवस आराम, चौथ्या दिवशी परत फॉलिन, म्हणजे कवायतीच्या रांगेत. उस्तादांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, सांगितलं की पाय निसटतोय, तर सगळेच असं म्हणतात असं उत्तर मिळालं. सूज उतरेना तेव्हा बाहेरच्या दवाखान्यात नेऊन स्कॅन केलं. त्याचा कागद आमच्याकडे नाही. मग नोव्हेंबरअखेर दलाच्या दवाखान्यात दुसरी एमआरआय झाली. त्यात गुडघ्याचा एसीएल नावाचा लिगामेंट तुटल्याचं आलं, आणि त्यापुढे 'जुनाट' असा शब्द. डिसेंबरात वैद्यकीय बोर्ड बसलं आणि त्याला सिक लीव्हवर घरी पाठवलं. पुसेगावच्या यात्रेच्या गर्दीत तो कुबडी घेऊन एसटीतून उतरला.

जानेवारीत स्पीड पोस्टने आदेश आला, त्याला आज बावीस दिवस झाले. दुखापत सेवेत येण्याआधीची आहे, सेवेशी तिचा संबंध नाही, सबब सेवा समाप्त, असं लिहिलंय. खाली तात्पुरती सेवा नियम १९६५ चा नियम ५ आणि एक महिन्याचा पगार. बोर्डाचा अहवाल जोडलेला नाही.

मला एवढंच समजत नाही की त्याच सरकारच्या डॉक्टरांनी गुडघा चांगला म्हणून घेतला आणि त्याच सरकारचे डॉक्टर आता तो आधीच तुटलेला होता म्हणतात. दोन्ही कागद खरे कसे असतील? भाऊ म्हणतो, "ताई, मी फसवून भरती झालो असं लिहिलंय गं त्यांनी." तसा शब्द आदेशात कुठेही नाही, पण त्याला तो दिसतो.

एसटी थांब्यावर त्याच्या अभिनंदनाचा बोर्ड आहे, गावातल्या पोरांनीच वर्गणी काढून लावलेला. तो आता थांब्याकडून जात नाही, कॅनॉलच्या कडेने फिरून जातो.

कुठल्या कोर्टात जायचं? मुदत किती असते? एका कार्यालयात विचारायला गेलो तर हे आमच्याकडे येत नाही म्हणाले. साताऱ्यातले डॉक्टर ऑपरेशन सांगतायत. ते आधी केलं तर केस बिघडेल का? तो बावीस पूर्ण आहे, जीडीची वयोमर्यादा तेवीस. "पुन्हा परीक्षा दे" हा सल्ला कृपया देऊ नका. तुटलेल्या गुडघ्याचा कागद घेऊन त्याला परत कोण घेणार?

पहाट_पळणारा

ताई, वाचून वाईट वाटलं. सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांत बोर्डाचे सगळे कागद हातात येतील.

कराडचा_वकील

थांबा. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ, एसएसबी, आसाम रायफल्स ही सगळी दलं माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम २४ मुळे भ्रष्टाचार किंवा मानवाधिकार उल्लंघनाचा आरोप असेल तरच त्यांच्याकडून माहिती मागता येते. नुसता अर्ज टाकला तर महिन्याने नकार येईल आणि तो महिना हातचा जाईल. भावाच्या सहीने कमांडंटला साधा अर्ज करा: माझ्या वैद्यकीय मंडळाची कार्यवाही, दोन्ही स्कॅनचे अहवाल, एमआय रूमच्या नोंदी आणि दुखापतीचा अहवाल द्या. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. दिले तर उत्तमच. नाही दिले तर मागूनही मिळाले नाहीत हे न्यायालयासमोर मांडता येतं.

आता कोर्ट. लष्कराचं न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने भूदल, नौदल आणि हवाई दलासाठी आहे, निमलष्करी दलांना ते लागू नाही. कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, तेही नाही, कारण १९८५ च्या कायद्यात संघराज्याची सशस्त्र दलं वगळली आहेत. उरतं उच्च न्यायालय, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. मुंबईच्या चकरा वाचतील.

सरकारी वकील उठून म्हणतील, ट्रेनिंग सेंटर उत्तरेत, मुख्यालय दिल्लीत, इथे कशाला आलात? म्हणून तो स्पीड पोस्टचा लिफाफा फेकू नका. आदेश घरी मिळाला, म्हणजे दाव्याच्या कारणाचा काही भाग इथे घडला. नवल किशोर शर्मा विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल जवळपास अशाच माणसाचा आहे. जहाजावर काम करणारा, वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवलेला, बिहारमधल्या घरी पत्र मिळालेला. पाटण्याच्या उच्च न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत पाठवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं.

कोर्टाच्या आधी एक पायरी आहे. नियम ५ च्या पोटनियम २ खाली वरिष्ठांना प्रकरण पुन्हा उघडता येतं. विशेष परिस्थिती सोडली तर ते तीन महिन्यांच्या आत व्हावं लागतं. बावीस दिवस गेलेत, म्हणजे अजून वेळ आहे, पण निवांत बसण्याइतका नाही.

आणि मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हा. कारण दिलंय वैद्यकीय आणि नियम वापरलाय महिन्याच्या नोटिशीचा. वैद्यकीय कारणाने काढायचं असेल तर त्याची वेगळी वाट असते. बीएसएफ नियम १९६९ च्या नियम २५ मध्ये बोर्डाचा निष्कर्ष आधी जवानाला कळवायचा, त्याला निवेदनासाठी पंधरा दिवस द्यायचे आणि निवेदन आलं की नव्या बोर्डाकडे पाठवायचं, अशी तरतूद आहे. तुमचं दल वेगळं असेल तर त्याचे नियम बघावे लागतील. सीआरपीएफ नियम १९५५ च्या नियम १६ मध्ये पहिल्या तीन वर्षांत महिन्याच्या नोटिशीवर डिस्चार्ज करता येतो, सरकार अशाच तरतुदीवर उभं राहील. तरीही बोर्डाचा अहवाल न दाखवता त्याच अहवालावर नोकरी घेणं, हे न्यायालयाला सहज पटणारं नाही.

सेवेत असताना अपंगत्व आलं तर नोकरीवरून काढू नये, असं सांगणारं दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० कुणी सुचवलं तर त्यावर आशा ठेवू नका. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने या दलांच्या लढाऊ पदांना सूट दिलेली आहे.

मीही_रिक्रूट_होतो

ताई, मी मिरज तालुक्यातला. माझं रंग ओळखण्यावरून गेलं. भरतीला पास, ट्रेनिंगमध्ये परत तपासलं तेव्हा नापास. कोर्टाने नवीन बोर्ड बसवायला सांगितलं, लष्कराच्या मोठ्या दवाखान्यात. तिथेही नापास आलो आणि केस तिथेच संपली. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. कोर्ट थेट नोकरी देत नाही, फार करून परत तपासायला लावतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी खाजगी डॉक्टरांचे चार दाखले जोडले होते, त्यांच्याकडे कुणी बघितलंही नाही. भावाला एकटं सोडू नका. मी आठ महिने कुणाशी बोलत नव्हतो.

खटावची_लेक

दादा, हे लिहिल्याबद्दल तुमचे किती आभार मानू. तुमचं त्याला वाचून दाखवलं. कितीतरी दिवसांनी त्याने स्वतःहून एक प्रश्न विचारला: तुम्ही आता काय करता?

मीही_रिक्रूट_होतो

द्राक्षबागेत आहे, आणि गावातल्या पोरांना पळायला शिकवतो. त्याला माझा निरोप द्या, इथे मेसेज करू दे.

मिरजेची_फिजिओ

मी गेली बारा वर्षं असेच गुडघे बघतेय, म्हणून कायद्याचं सोडून गुडघ्याचं बोलते. सगळं त्या पहिल्या स्कॅनवर आहे. ती साधी एक्स-रे होती की एमआरआय, आणि दुखापतीनंतर कितव्या दिवशी?

एसीएल असा झटक्याने तुटतो तेव्हा मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर आपटतात. त्या आपटण्याने हाडाच्या आत सूज येते. एमआरआयच्या अहवालात ती बोन मॅरो इडिमा किंवा बोन कंट्यूजन अशी लिहितात. ही सूज काही आठवडे ते काही महिने दिसते आणि मग विरते. नोव्हेंबरअखेरच्या स्कॅनमध्ये ती नसेल तर नवल नाही, तोवर दहा आठवडे झाले होते. तेव्हा जुनाट लिहिणं त्या दिवसापुरतं बरोबरही असेल. पण दहा आठवड्यांपूर्वीचं आणि भरतीच्या आधीचं यात फार अंतर आहे, आणि नुसत्या त्या शब्दावरून ते सांगता येत नाही. पहिला स्कॅन लवकरचा असेल आणि त्यात हाडाची सूज असेल, तर दुखापत त्या वेळी ताजी होती याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा.

एक गोष्ट मनाला लागेल, पण सांगते. एकवीस मिनिटांत पाच किलोमीटर पळाला, मग गुडघा चांगलाच होता, या मुद्द्यावर सगळा भार टाकू नका. एसीएल तुटलेली काही माणसं सरळ रेषेत पळू शकतात. वळताना आणि उडी मारताना पाय निसटतो. समोरचा डॉक्टर हेच म्हणेल.

ऑपरेशनचं म्हणाल तर कोर्टासाठी गुडघा कुजवू नका. सैल गुडघ्यात गादी, म्हणजे मेनिस्कस, झिजत जाते आणि ती परत येत नाही. आधी सरकारी रुग्णालयात नीट तपासणी लिहून घ्या, मांडीचा घेर दोन्हीकडे मोजून घ्या. ऑपरेशन ठरलं तर आत जे दिसेल त्याची सविस्तर नोंद आणि चित्रीकरण मागा. बाकी वेळ कधी साधायची ते वकील आणि सर्जन दोघांशी बोलून ठरवा.

पहाट_पळणारा

बाहेरच्या दवाखान्याचा अहवाल तरी मागता येईल ना? ते काही दल नाही.

कराडचा_वकील

बरोबर बोललात. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. रुग्णाने नोंदी मागितल्या की बहात्तर तासांत द्यायच्या असतात. भावाच्या सहीने, ओळखपत्राची प्रत जोडून, ईमेल आणि पोस्ट दोन्हीने मागा.

खटावची_लेक

काल रात्री भावाची ट्रंक उघडली. तो ती उघडू देत नव्हता. वर्दीच्या खाली, पीटी शूजच्या डब्यात, एक सीडी आणि घडी घातलेला कागद निघाला. बाहेरच्या दवाखान्याने त्याच्याच हातात दिला होता, त्याला वाटलं तो एक्स-रेचाच कागद आहे. एमआरआयच आहे. दुखापत १९ सप्टेंबरची, कागदावरची तारीख २८ सप्टेंबर. फिजिओताई, तुम्ही लिहिलेला शब्द त्यात दोनदा आहे, बोन मॅरो इडिमा, मांडीच्या हाडाला आणि नडगीच्या हाडाला. आणि शेवटच्या ओळीत एसीएल तुटल्याचं लिहून पुढे 'ताजी दुखापत'.

मी मोठ्याने वाचलं तशी आई चुलीपाशी उठून उभी राहिली. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले परत वाच.

बोर्डाने हा कागद बघितला होता का ते आम्हाला माहीत नाही. बघूनही जुनाट लिहिलं असेल तर का, आणि बघितला नसेल तर का नाही, हे विचारायचंय. त्याच्याच तुकडीतल्या एकाचा घोटा मोडला तर त्याला मागच्या बॅचमध्ये टाकलं, घरी पाठवलं नाही. हे अर्जात लिहावं का?

कराडचा_वकील

लिहा, पण त्या मुलाचं नाव न घालता. एवढंच विचारा की बरं होईपर्यंत पुढच्या बॅचमध्ये घेण्याचा विचार झाला होता का. मुख्य मागणी एकच ठेवा: २८ सप्टेंबरचा अहवाल समोर ठेवून, अस्थिरोग तज्ज्ञ असलेलं नवीन मंडळ बसवा. थेट नोकरीवर घ्या असं मागाल तर अर्ज बाजूला पडेल.

सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल, २०१३ चा, तुम्हाला कुणीतरी दाखवेलच. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर, असं त्यात आहे. तो लष्कराच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचा आहे, तुमच्या प्रकरणाला जसाच्या तसा लागत नाही. पण त्यातला विचार तुमच्या पहिल्या प्रश्नाला धरून आहे, म्हणून रिटमध्ये मी तो घालीन.

सोमवारी अकरा वाजता कराडला या. आदेश, लिफाफा, फिटचा कागद, हा अहवाल, सगळं मूळ आणि दोन-दोन प्रती. अर्जाच्या कामाचे पैसे घेणार नाही. रिटचा खर्च झेपण्यासारखा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करू, त्यांचा दूरध्वनी १५१०० आहे.

खटावची_लेक

येतो. भाऊही येतोय, तोच म्हणाला. एक शेवटचं: सीडी आमच्याकडे कुठेच चालत नाही, वडूजला नेऊन उघडू का?

मिरजेची_फिजिओ

उघडायला देऊ नका, आधी तिच्या दोन प्रती काढून घ्या, एक पेनड्राइव्हवर. मूळ सीडी कुणाच्याही हातात द्यायची नाही, बोर्डाच्यासुद्धा. चित्रं मला पाठवा, आज रात्री बघते.