एमएस्सी केमिस्ट्रीनंतर नागपुरात सरकारी लॅब: जाहिरातीची वाट पाहावी का?

उमरेडची_लेक:
नमस्कार. मी आपल्या विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसमधून एमएस्सी करून राहिली आहे, शेवटचं सेमिस्टर. बुटीबोरीच्या एका कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, नोकरी मिळते आहे. मन मात्र सरकारी प्रयोगशाळेकडे आहे, त्यातही फॉरेन्सिककडे. बाबा म्हणतात, सरकारी लॅब म्हणजे बाटल्या धुणं आणि जाहिरातीची वाट पाहणं. आत नेमकं काय काम असतं? आणि तोवर कंपनीत जावं की घरी बसून अभ्यास करावा? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगावं, ही विनंती.

निवृत्त_विश्लेषक:
बेटा, बाबांना सांग की बाटल्या धुणं खरंच असतं. बाटली नीट धुतली गेली नाही तर एकाच्या पोटातलं विष दुसऱ्याच्या अहवालात जातं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या मॅडम धुतलेलं काचेचं भांडं उजेडाकडे धरून बघायच्या. पाण्याचा थेंब काचेला चिकटून राहिला की भांडं परत सिंकमध्ये.

मी गुन्ह्यांतला मुद्देमाल तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत २९ वर्षं काढली, त्यातली १७ विषशास्त्र विभागात. जुलै लागला की आमच्याकडे बरण्या वाढायच्या. कपाशीवर फवारणीचे दिवस ते. गडचिरोलीकडचा हवालदार रात्रभर एसटीत पेटी मांडीवर घेऊन यायचा. एका बरणीत मृताचं जठर आणि आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, सगळं मिठाच्या संपृक्त द्रावणात. सोबत नुसत्या मीठपाण्याची बाटली वेगळी लागते, कारण विष त्या पाण्यातच नव्हतं हे दाखवावं लागतं. झाकणाला हात लावण्याआधी लाखेचं सील बघायचं, पत्रासोबत आलेल्या ठशाशी ताडायचं, आणि तिथल्या तिथे लिहायचं.

बरणी उघडली की कधी कधी कीटकनाशकाचा लसणासारखा उग्र वास नाकात भरतो. नवीन मुलं लगेच नाव सांगून मोकळी होतात. पण वासाला अहवालात जागा नाही. अर्क काढायचा, सिलिकाच्या प्लेटवर केशनळीनं ठिपका द्यायचा, शेजारी मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या प्रमाणित नमुन्याचा, त्याच्या शेजारी कोऱ्या मीठपाण्याचा. प्लेट द्रावकात उभी करून ठिपके वर चढू द्यायचे, मग वाळवून रंग आणणारा रिएजंट फवारला की डाग हळूहळू उमटतात. अर्काचा आणि मोनोक्रोटोफॉसचा डाग एका उंचीवर आला की छातीत धस्स व्हायचं, शेवटपर्यंत व्हायचं. तरी तिथे थांबायचं नाही, पुढे जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, खात्री करायची. गावाकडे कुणी म्हणत असतं की नवऱ्यानं पाजलं, कुणी म्हणतं फवारताना लागलं. विम्याचे कागद आपल्या अहवालावाचून अडलेले असतात. त्या घरातली माणसं आपल्याला कधी भेटत नाहीत, पण त्यांच्यासाठीच तर ती प्लेट लावायची. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना शेतकरी, मजूर दगावले, तेव्हा माझ्या टेबलावरून गेलेल्या सगळ्या बरण्या मला आठवल्या.

आता माझी चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका प्रकरणात तपासणीला घेतलेल्या नमुन्याचं वजन नोंदवायचं राहिलं. चार वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारलं, "किती ग्रॅम घेतलं होतं?" माझं काम बरोबर होतं, निष्कर्ष बरोबर होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरोपीची आई मागच्या बाकावर बसली होती, मृताचा भाऊ पुढच्या. दोघांकडेही बघवलं नाही. त्यानंतर एकही आकडा मी डोक्यात ठेवला नाही, सगळे वहीत गेले.

सरकारी विश्लेषकाचा अहवाल एरवी साक्षीशिवायही पुराव्यात वाचता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९. पण न्यायालय बोलावू शकतं, आणि बोलावतं. शिवाय नव्या संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञानं जाण्याची तरतूद आहे. काम वाढतच जाणार.

वाटा दोन. वैज्ञानिक सहायकाची भरती न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय काढतं, सहायक रासायनिक विश्लेषकाची जाहिरात एमपीएससीकडून येते. आपल्याकडची प्रादेशिक प्रयोगशाळा धंतोलीत आहे, पण बदली राज्यात कुठेही होऊ शकते, तेवढी मनाची तयारी ठेव. आणि माझं ऐकशील तर कंपनीत जा. घरी बसून एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, चालवता येत नाही.

टेकडीवरचा_केमिस्ट:
मॅडमचं वाचून हात जोडले. केंद्राची वाटही बघून ठेव. सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय आहे, तिथे रासायनिक प्रयोगशाळा आहे. केमिस्टची गट अ भरती यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून होते. आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षेत रसायनशास्त्राचे तीन वर्णनात्मक पेपर, मग मुलाखत. खुल्या गटाला वयाची अट ३२ आहे, राज्यासारखी ३८ नाही, म्हणून ही आधी दे.

काम वेगळं आहे. दगडाची पूड हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवायची, मग आयसीपी-एमएस या यंत्रावर मूलद्रव्यं मोजायची. हे आम्ल कातडीतून आत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. त्यावर लगेच लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असल्याशिवाय मी बाटली उघडत नाही.

कंत्राटी_पाणीवाली:
मी एका सरकारी पाणी प्रयोगशाळेत प्रोजेक्टवर होते. कुठल्या ते लिहीत नाही. ११ महिन्यांचा करार, तीनदा वाढवला, चौथ्यांदा आदल्या संध्याकाळी कळलं की संपला. शिकायला भरपूर मिळालं. चंद्रपूरकडच्या हातपंपाचं पाणी यायचं, फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की आपल्या सहीनं कुणाचा तरी पंप बंद होणार हे कळायचं. आनंदानं केलं. पण ताई, प्रोजेक्टची नोकरी पक्की होईल असं कुणी तोंडी सांगितलं तर त्यावर लग्न, कर्ज काही ठरवू नकोस.

उमरेडची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. बाटलीचं ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, "त्या बाईंना विचार, मुलींना रात्री-बेरात्री जावं लागतं का?" कंपनीला होकार कळवते आहे. तिथे राहून आतापासून काय सवय लावू?

निवृत्त_विश्लेषक:
बाबांना सांग, टेबलावरचं काम दिवसाचंच, पण घटनास्थळावर जाणाऱ्या पथकात असलीस तर वेळ आपल्या हातात नसते. तेव्हा सोबत पोलिसांची गाडी असते. मी गेले आहे, सुखरूप परत आले आहे.

सवयीचं म्हणशील तर बांधीव वही घे, पानांना नंबर घाल. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख, व्हाइटनर नाही. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वजनकाट्याची पावती त्याच पानावर डकव.

आणि जातीचं प्रमाणपत्र, लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल आत्ताच उमरेडच्या सेतू केंद्रातून काढून ठेव. जाहिरात आली की तिथे रांग लागते. नॉन-क्रिमिलेअरवर वैधता कोणत्या तारखेपर्यंत आहे ते स्वतः वाच, दुसऱ्यावर सोडू नकोस.