शब्दचर्चा: 'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई:
वॉशिंग्टन राज्यातल्या पॉइंट रॉबर्ट्सवर लेख लिहितेय. ती 'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी' आहे, म्हणजे स्वतःची नगरपालिका नसलेली वस्ती. नकाशात कॅनडाचं एक द्वीपकल्प खाली लोंबतं, त्याचं हे टोक. १८४६च्या करारात ४९ अक्षांशाची सीमा ठरली आणि टोक तेवढं अमेरिकेत आलं. कोशात 'असमाविष्ट समुदाय' सापडला. काही बोध होतो?

चष्मेवाला:
समुदाय माणसांचा असतो, इथे जागेबद्दल बोलायचंय. 'असंघटित वस्ती'?

रानजाई:
असंघटित कसली! २०२०च्या जनगणनेत ११९१ माणसं, पण अग्निशमन, पाणी, उद्यानं यांची वेगवेगळी डिस्ट्रिक्ट्स आहेत, म्हणजे एकेका सेवेपुरत्या स्थानिक संस्था. नाही ती फक्त नगरपालिका. रस्ते आणि पोलीस व्हॉटकम कौंटीकडे, म्हणजे राज्याखालच्या प्रशासकीय विभागाकडे. कौंटीचं मुख्य ठिकाण बेलिंगहॅम. गाडीने जायचं तर आधी कॅनडात शिरायचं, मग पुन्हा अमेरिकेत. शाळेत पहिले काही वर्गच आहेत, त्यामुळे मोठी मुलं बसने कॅनडातून अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या ब्लेनला जातात. जाऊन-येऊन रोज चार वेळा सीमा! कोविडमध्ये सीमा बंद झाली तेव्हा बेलिंगहॅमपर्यंत बोट सुरू करावी लागली.

तात्या_कोकणे:
मग सरळ वाडी म्हणा की.

रानजाई:
तात्या, वाडीच्या डोक्यावर ग्रामपंचायत असते, निदान गटग्रामपंचायत तरी. इथे ती पायरीच नाही.

मोडीवाचक:
आपल्या जनगणनेतलं 'जनगणना शहर' थोडं जवळचं. नगरपालिका नाही, तरी शहरात मोजतात. पण त्याला किमान ५००० वस्ती लागते, शिवाय तिथेही ग्रामपंचायत असतेच. 'नगरपालिका नसलेलं गाव' म्हणा. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला कळतं.

तात्या_कोकणे:
गाव वसवलं कुणी?

रानजाई:
जमीन लष्करासाठी राखीव होती. १८९०च्या दशकात आइसलँडहून आलेली कुटुंबं तिथे येऊन राहिली, हक्काचा कागद नसताना. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना, १९०८ साली, जमिनी त्यांच्या नावावर व्हायची वाट मोकळी झाली. मग शेती आणि सामन मासळी. आता बरेच कॅनडावाले तिथे पेट्रोल भरायला आणि पार्सलं उचलायला येतात.

मोडीवाचक:
म्हणजे 'गाव' नक्की बसतं. मथळ्यात पूर्ण शब्द द्या, पुढे नुसतं गाव. फक्त कौंटीला 'जिल्हा' करू नका. तुमच्या त्या पाण्याच्या आणि बंबाच्या डिस्ट्रिक्ट्सना मग काय म्हणणार?

रानजाई:
त्यांना 'मंडळ' करते. पाणी मंडळ, अग्निशमन मंडळ. कौंटी कौंटीच राहू दे.