सल्ला हवा: नोकरी सोडून दीड महिना झाला, कंपनी हिशेब पूर्ण करत नाही

शाईपेन

नमस्कार. जाणकारांचा सल्ला हवा आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगते.

एका खाजगी कंपनीच्या खरेदी विभागात मी पाच वर्षं सात महिने होते. नियुक्तीपत्रात नोटीस पीरियड दोन महिन्यांचा. राजीनाम्याची ईमेल केली, साहेबांनी 'ॲक्सेप्टेड' असं उत्तर दिलं. दोन महिने पूर्ण भरले, नव्या माणसाला सगळं काम समजावून दिलं. फेब्रुवारी २०२६ च्या शेवटी बाहेर पडले. पण अगदी शेवटच्या आठवड्यात एचआरने सांगितलं की मागच्या वर्षी पॉलिसी बदलली, नोटीस आता नव्वद दिवसांची. तशी एक ईमेल सगळ्यांना गेली होती म्हणे. मी त्यावर कुठेही सही केलेली नाही.

आता शेवटच्या महिन्याचा पगार नाही, ग्रॅच्युइटी (नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) नाही, रिलीव्हिंग लेटर (कामातून मुक्त केल्याचं पत्र) नाही. फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे'. परवा एक कागद आला, त्यात लिहिलंय: 'माझे कंपनीकडून कोणतेही येणे बाकी नाही आणि यापुढे मी कोणताही दावा करणार नाही.' आधी सही करून पाठवा, मग पैसे सोडू, असं म्हणतात. हिशेबात ग्रॅच्युइटी ७८,००० दाखवली आहे आणि वरून 'नोटीस कमी पडली' म्हणून एक अख्खा पगार वजा केलाय. माझं मूळ वेतन ३१,२००, कपातीआधीचा एकूण पगार ८०,०००.

नव्या ठिकाणी रुजू झालेय. तिथे रिलीव्हिंग लेटर द्यायला महिनाभराची मुदत आहे. रात्र रात्र झोप लागत नाही. सही करून मोकळं व्हावं का? वकील करावा की कामगार आयुक्तांकडे जावं?

रोखठोक

ताई, सही अजिबात करू नका. सरळ ग्राहक न्यायालयात खेचा. आणि कंपनीचं नाव घेऊन सोशल मीडियावर लिहा, दोन दिवसांत फोन येईल.

पगारपत्रक

मी बारा वर्षं पगार विभागात काम केलंय, असे हिशेब रोज हाताखालून गेलेत. रोखठोक यांची कळकळ समजते, पण दोन्ही वाटा नकोत. नोकर-मालकाचा वाद ग्राहक कायद्यात बसत नाही, तिथे फक्त महिने जातील. आणि नाव घेऊन लिहिलंत तर आज ज्या कंपनीची चूक आहे तिला तुमच्यावर अब्रुनुकसानीची नोटीस पाठवायला जागा मिळते.

आता तुमचा हिशेब.

ग्रॅच्युइटी काढताना महिन्याचे दिवस २६ धरतात, ३० नाही. सूत्र असं: शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष मोजतात. तुमचे सात महिने जास्त आहेत, म्हणजे वर्षं सहा. ३१,२०० भागिले २६ म्हणजे १,२००. गुणिले १५ म्हणजे १८,०००. गुणिले ६ म्हणजे १,०८,०००. त्यांनी ३० ने भागलं आणि वर्षंही पाचच धरली, म्हणून ७८,००० आले. एकाच ओळीत दोन चुका, आणि दोन्ही त्यांच्या फायद्याच्या.

हे झालं जुन्या पद्धतीने. चार कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले चार कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि तुम्ही त्यानंतर बाहेर पडलात. त्यांतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येत घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरची रक्कम वेतनात परत मिळवावी लागते. तुमचे मूळ वेतनाबाहेरचे ४८,८०० आहेत, निम्मे होतात ४०,०००. ते सगळेच वगळलेल्या भत्त्यांत मोडतात असं धरलं, तरी वरचे ८,८०० वेतनात येतात. म्हणजे वेतन किमान ४०,०००, आणि ग्रॅच्युइटी साधारण १,३८,४६२. पे-स्लिप उघडून एकेक भत्ता तपासा, आकडा याहून वरही जाऊ शकतो.

ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. तुम्ही अर्ज केला नसला तरी रक्कम ठरवून कळवणं हे मालकाचं काम आहे. उशीर झाला तर व्याज लागतं. आणि नोटीस कमी भरली म्हणून ग्रॅच्युइटीला हात लावता येत नाही. ती जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत: ज्या कृत्यासाठी कामावरून काढलं त्यातून मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती, किंवा मारामारी, नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशांसाठी काढलं असेल तर. तुम्ही राजीनामा दिलाय. हा प्रश्नच येत नाही.

शाईपेन

मी आत्ता कागद घेऊन परत आकडेमोड केली. ७८,००० आणि १,३८,४६२. एवढा फरक! खूप आभार, खरंच.

कायदेकानू

पगारपत्रक यांनी हिशेब चोख मांडलाय, मी फक्त दारं सांगतो.

वेतन संहिता, २०१९ प्रमाणे माणसाला काढलं असो वा त्याने राजीनामा दिला असो, थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. तुमच्याकडे दीड महिना झाला. पूर्वी १९३६ च्या वेतनाच्या कायद्याखाली महिना २४,००० च्या वर पगार असणाऱ्यांना हे दार बंद होतं. संहितेत ती मर्यादा नाही, मॅनेजरसुद्धा त्यात येतात. हा बदल अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेला नाही. अजूनही लोक 'मी ऑफिसर ग्रेड, मला कामगार कायदा नाही' म्हणून पगारावर पाणी सोडतात. तुम्ही सोडू नका.

दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. वेतन दिलं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. आणि अधिकाऱ्याला मूळ रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. दहा पट मिळेलच असं समजू नका, पण समोरचा वकील ही तरतूद वाचून येतो.

अर्ज तुम्ही जिथे काम करत होता त्या भागाच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात. रेल्वे, खाणी, बहुतेक बँका यांच्यासाठी केंद्राचे कामगार आयुक्त वेगळे आहेत. ग्रॅच्युइटीचा अर्ज स्वतंत्र करायचा, वेतनाच्या अर्जात कोंबू नका.

नोटिशीचं म्हणाल तर नियुक्तीपत्र हा करार आहे. तो एका बाजूने ईमेल पाठवून बदलता येत नाही, त्यासाठी तुमची संमती लागते. वाद घालायचाच म्हटला तरी तो ३० दिवसांचा आहे, त्यासाठी सगळी देणी दाबून धरता येत नाहीत. वेतनातून करायच्या कपातीसुद्धा कायद्यात मोजून दिलेल्या आहेत आणि सगळ्या मिळून त्या वेतन-कालावधीच्या वेतनाच्या निम्म्यावर जाता येत नाही. तुमचा अख्खा पगार कापलाय.

वकील लगेच नको. आधी एक साधं पत्र, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने: कधी रुजू झाले, कधी सोडलं, काय येणं आहे, किती दिवसांत द्यावं. सात दिवस पुरेत. भाषा शांत ठेवा. उद्या ते पत्र अधिकाऱ्यासमोर वाचलं जाणार आहे.

नदीकाठ

शाईपेन ताई, मी चार वर्षांपूर्वी हुबेहूब यातून गेलोय, म्हणून लिहितो.

तीन महिने फोन करत राहिलो. दर वेळी गोड आवाजात 'सर, पुढच्या आठवड्यात'. त्या सगळ्या फोनचा माझ्याकडे एकही कागद नव्हता. नंतर पहिल्यांदा लेखी लिहिलं तेव्हा त्यांचं उत्तर आलं की तुम्ही आजवर मागणीच केली नाही. तेव्हापासून फोन ठेवला की पाच मिनिटांत ईमेल टाकायचो: 'आत्ता आपलं बोलणं झालं, त्यात तुम्ही अमुक तारखेला पैसे देऊ असं म्हणालात.' दोन-तीन ईमेलनंतर आवाजातला गोडवा कमी झाला आणि कामं हलायला लागली.

कामगार कार्यालयात अर्ज देताना दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का मारून घ्या आणि ती जिवापाड जपा. मी पहिल्या दिवशी एकच प्रत घेऊन गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी स्वतः सांगितलं, 'दादा, खाली झेरॉक्स आहे, काढून आणा, नाहीतर उद्या अर्ज दिला होता हे कुणाला दाखवाल?' त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. पहिल्या दोन तारखांना कंपनीचं कुणी आलं नाही. तिसऱ्या तारखेला त्यांचा माणूस आला. अधिकाऱ्यांनी फाईल पुढे सरकवून एवढंच विचारलं, 'यांनी काम केलं की नाही?' तो 'हो' म्हणाला. 'मग पगाराचं काय?' यावर तो गप्प बसला. पुढच्या तारखेला चेक आला.

आणि तो 'दावा करणार नाही' वाला कागद. तसाच्या तसा सही करून देऊ नका. पैसे मिळत असतील तर घ्या, पण पावतीवर सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा: 'हरकत व हक्क राखून, फक्त एवढी रक्कम मिळाली', आणि आकडा, तारीख टाका. मग फोटो काढून ठेवा.

पगारपत्रक

नदीकाठ यांना अनुमोदन. एक भर. अजून कंपनीत आहेत पण सोडायचा विचार आहे अशा सगळ्यांनी पे-स्लिपा, नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रं, रजेची शिल्लक, राजीनामा आणि त्यावरचं उत्तर आजच आपल्याकडे काढून ठेवा. शेवटच्या दिवशी दुपारी लॉगिन बंद होतं, मग हात बांधले जातात. फक्त आपलेच कागद घ्या. पुरावा म्हणून ग्राहकांच्या याद्या, दरपत्रकं स्वतःच्या मेलवर पाठवलीत तर प्रकरण तुमच्यावर उलटतं.

पीएफची काळजी करू नका. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की नोकरी सोडल्याची तारीख सभासदाला स्वतः पोर्टलवर टाकता येते.

नव्या कंपनीला आज दाखवायला राजीनामा, त्यावरचं 'ॲक्सेप्टेड' आणि पीएफ पासबुक एकत्र द्या, आणि पत्र अडवलंय हे मोकळेपणाने सांगा. एचआरची माणसं हे रोज बघतात, लपवाछपवी मात्र त्यांना खटकते.

मधलीसुट्टी

धागा भरकटवतोय, माफ करा, पण माझं आजच घडलंय. दुपारी मीटिंग रूममध्ये बोलावून सांगितलं की आत्ता राजीनामा लिहा, नाहीतर टर्मिनेट करू, मग कुठेच नोकरी मिळणार नाही. मी 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघून आलो. उद्या परत बोलावलंय. सात वर्षं झाली. हुद्दा 'असिस्टंट मॅनेजर', पण हाताखाली कुणीही नाही, दिवसभर मशीनच्या नोंदी आणि दुरुस्ती.

कायदेकानू

सही न करता निघालात हे फार चांगलं केलंत. आता झोपण्यापूर्वी एक ईमेल करा, साहेबांना आणि एचआरला: आज इतक्या वाजता, अमुक खोलीत, अमुक जण हजर असताना मला राजीनामा मागितला. मला राजीनामा द्यायचा नाही, मी कामावर यायला तयार आहे. एवढंच. आणि उद्या वेळेवर कामावर जा. घरी बसलात तर 'स्वतःहून येणं बंद केलं' असं लिहिलं जाईल.

हुद्दा काय छापलाय त्यावर कायदा ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते न्यायालय बघतं. नोंदी आणि दुरुस्ती हे तांत्रिक काम आहे, तेव्हा तुम्ही 'कामगार' ठरण्याची चांगली शक्यता आहे. तसं असेल तर कामगार कपातीत, म्हणजे माणसं कमी करताना, एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. राजीनामा लिहून दिला की यातलं काहीच द्यावं लागत नाही. ते त्याच्यासाठीच मागतात. तुम्ही रोज काय काम करता त्याचे कागद, म्हणजे जॉबकार्ड, शिफ्टच्या नोंदी, यांचा ज्यात तुमचं नाव आहे तेवढा फोटो ठेवा.

तुम्हाला वकील लागेल. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मधलीसुट्टी

ईमेल पाठवली. हात थरथरत होते. कळवतो.

शाईपेन

अपडेट द्यायला आले. पत्र पाठवलं, सात दिवस काही नाही. आठव्या दिवशी कामगार कार्यालयात दोन अर्ज दिले, दोन्हींवर शिक्का घेतला (नदीकाठ दादा, झेरॉक्स आधीच काढून नेली होती). पहिल्याच तारखेच्या आदल्या संध्याकाळी एचआरचा फोन आला. शेवटचा पगार पूर्ण जमा झाला, नोटिशीची कपात मागे घेतली, रिलीव्हिंग लेटरही आलं. ग्रॅच्युइटी मात्र १,०८,००० दिली, नवी व्याख्या मान्य नाही म्हणतात. पावतीवर सहीशेजारी हरकतीची ओळ लिहिली. समोरची मुलगी म्हणाली, 'मॅडम, असं कुणी लिहीत नाही.' मी म्हटलं, मी लिहितेय.

उरलेले ३०,४६२ सोडायचे नाहीत असं ठरवलंय. तारखेला एकटीने गेलं तर चालेल का?

कायदेकानू

चालेल. पे-स्लिपा बारा महिन्यांच्या न्या, भत्त्यांची बेरीज एका कागदावर मांडून न्या, पगारपत्रक यांनी लिहिलीय तशीच. आणि पावतीचा तो फोटो छापून सोबत ठेवा, अधिकारी पहिल्यांदा तोच मागतील.